द्वारकेवरचा लुब्रस

गेल्या महिन्यात माझ्या पार्लरमध्ये एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या शाळेत वेशभूषेची स्पर्धा होती. परी, फुलपाखरू नाहीतर जिजाऊ, यांतलंच काहीतरी असणार म्हणून मी रंगांचा डबा उघडायला घेतला. मुलगी म्हणाली, "मला लुब्रस व्हायचंय."

मी डबा मिटला. म्हटलं, "दुसरं काहीही सांग. राणी करते, वाघीण करते, पैसेही नको तुझे. लुब्रस नाही." आईला वाटलं मी थट्टा करतेय. थट्टा नाही हे कळल्यावर त्या चिडल्या आणि पंचवटीतल्याच दुसऱ्या पार्लरला गेल्या. गिऱ्हाईक गेलं ते गेलं. पण त्या दिवसापासून तो माणूस पुन्हा डोक्यात येऊन बसला आहे, आणि तो असा फुकट बसलेला मला चालत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लुब्रस हा परग्रहावरचा व्यापारी. नाशिकच्या काही पोरांनी अंतराळावरचे सिनेमे केले, घरच्या कॅमेऱ्यावर आणि मित्रांच्या जिवावर, त्यातला. त्याच्या ग्रहावर हवा नाही, म्हणून तो डब्यात भरलेला श्वास विकतो. अंग हिरवट जांभळं, नाक हनुवटीपर्यंत लोंबणारं, पोट पुढे. तो पैसे घेत नाही. गिऱ्हाइकाला जी गोष्ट कधीच द्यायची नसेल, ती मागतो. एकाकडून त्याने त्याच्या आईचा आवाज घेतला, एका बाईकडून तिची सावली. पोरांना हे फार आवडलं. त्याचा तो घोगरा आवाज काढत शाळांच्या मैदानांवर मुलं एकमेकांचे डबे हिसकावू लागली.

लुब्रसचा चेहरा मी केलेला. कापूस, डिंक आणि रंग. त्या चेहऱ्याच्या आत जो होता तो कारभारीशेठ, नाशिकच्या द्वारका चौकात जुन्या गाड्यांचे सुटे भाग आणि भंगार विकणारा. तिन्ही सिनेमांत तासन्‌तास हा माणूस माझ्या खुर्चीत डोळे मिटून बसायचा आणि मी त्याच्या तोंडावर वाकलेली असायचे. इतक्या जवळून पाहिल्यावर माणसाबद्दल थोडी माया वाटू लागते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. नवऱ्या मुलींच्या खाष्ट सासवाही रंगवताना मला बऱ्या वाटलेल्या आहेत. कारभारीशेठ मला कधीच बरा वाटला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी उगाच आशा धरायला नको.

तो मूळचा विंचूरकडचा. घरची शेती भावांवर टाकून आधी कांद्याच्या व्यापारात शिरला आणि तिथे हात मारून झाल्यावर द्वारकेला आला. कांद्यातली एक सवय त्याच्या हाताला कायमची चिकटली होती. समोर आलेली कुठलीही वस्तू अंगठा आणि दोन बोटांत धरून तो दाबून बघायचा. माझा स्पंज दाबला, ब्रशचे केस दाबले, बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाची बाही दाबली. एकदा शूटिंगला कुणीतरी आपलं तान्हं बाळ घेऊन आलं होतं. त्याचाही गाल दाबून हा म्हणाला, "माल चांगला हाय." बाळाची आई हसली. मला हसू आलं नाही, कारण मी त्याचे डोळे बघत होते आणि ते खरंच भाव काढत होते.

दुकानात तो एका मोडीत निघालेल्या गाडीच्या सीटवर बसायचा. गिऱ्हाइकाला बसायला ऑइलचा पालथा ड्रम. टेबलपंख्याचं तोंड सदैव स्वतःकडे. सौदा जमत आला की मग तो पंखा हळूच गिऱ्हाइकाकडे वळवायचा आणि घामाने निथळलेलं ते गिऱ्हाईक त्या वाऱ्यात विरघळून हो म्हणून टाकायचं. कुणी वापरायला पेन दिलं तर ते परत यायचं नाही. चहा आला की "तुम्ही घेणार का?" हे तो पहिला घोट घेऊन झाल्यावर विचारायचा. त्याचं लहानपण हलाखीत गेलं, म्हणून तो असा झाला, असं त्याच्या बाजूने बोलणारे सांगतात. हलाखीत वाढलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ती दुसऱ्याच्या ताटाकडे अशी बघत नाहीत.

या माणसाला सिनेमात आणलं योगेशने. योगेश म्हणजे या सगळ्या सिनेमांचा दिग्दर्शक आणि नायकही. मखमलाबादला त्याच्या वडिलांचे गुलाब आहेत. पहाटे वडिलांबरोबर फुलं बाजारात पोचवायची आणि उरलेला दिवस सिनेमाच्या मागे भटकायचं, असा त्याचा क्रम. वडिलांना सगळे नाना म्हणतात. नानांना सिनेमातलं काही कळत नव्हतं, पण पोरगं व्यसनात नाही एवढ्यावर ते खूश होते. पहिल्या सिनेमाचं यान बांधायला भंगार हवं होतं म्हणून योगेश द्वारकेला गेला. कारभारीशेठने भंगार विकलं नाही, भाड्याने दिलं. आणि भाड्याने दिलेल्या मालावर नजर ठेवायला शूटिंगला स्वतः आला.

शहराबाहेरच्या एका बंद खाणीत आम्ही होतो. हा छत्री उघडून खुर्चीवर बसला आणि दर थोड्या वेळाने ओरडू लागला, "ए, तो सायलेन्सर वाकवू नको! वाकला तर घ्यावा लागंल!" व्यापाऱ्याच्या कामासाठी बँकेतले एक गृहस्थ ठरले होते. डिंकाने त्यांच्या अंगावर पुरळ उठलं आणि ते दुपारच्या आत घरी गेले. सगळे डोक्याला हात लावून बसले. योगेश मात्र कारभारीशेठकडे बघत होता. शेठ तेव्हा एका हरवलेल्या बोल्टवरून कॅमेरावाल्या मुलाला फैलावर घेत होता. योगेश मला म्हणाला, "ताई, यांना बसवा खुर्चीत."

शेठने भूमिका काय ते विचारलं नाही. विचारलं, "मला काय मिळंल?"

चेहरा करताना तो सतत बोलायचा. हा डिंक केवढ्याला, हा रंग कुठून आणता, उरलेल्याचं काय करता. नाक करताना तरी गप्प बसा म्हटलं, तर ओठ न हलवता बोलायचा. संध्याकाळी काम संपल्यावर मी नाक सोलून काढलं आणि कचऱ्यात टाकायला गेले, तर त्याने माझं मनगट धरलं. "ते इकडं द्या. माझ्या तोंडावरचं हाय, म्हंजे माझं हाय." तेव्हापासून प्रत्येक नाक तो घरी न्यायचा. पुढे सिनेमा गाजल्यावर ती नाकं त्याने दुकानात येणाऱ्या पोरांना विकली. माझ्या हातचा कापूस, माझा डिंक.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी, कितीही जिवावर आलं तरी. पडद्यावर तो जबरदस्त होता. योगेशने व्यापाऱ्यासाठी मोठमोठी वाक्यं लिहिली होती, विश्वातल्या प्रत्येक श्वासाला किंमत असते वगैरे. शेठने कागद बाजूला ठेवला. "दुकानात असं कोन बोलतं?" म्हणाला. मग कॅमेरा सुरू झाल्यावर पुढे वाकून, अगदी मायेने, समोरच्याला म्हणाला, "तुला जे द्यायचं नाय, ते काय हाय?" हेच वाक्य पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं.

हे कसं सुचलं, असं मी त्याला चेहरा उतरवताना विचारलं. तो म्हणाला, "सुचायचं काय त्यात? घरातलं भंगार घ्यायला गेलो ना ताई, की बाई काय काय पुढं टाकती. ते मी बघत नाय. ती पायानं काय मागं सरकवती, ते बघतो. तेच घ्यायचं. बाकीचं ती आपनहून देती." मी त्याच्या कपाळावरचा डिंक पुसत होते. त्या दिवशी मी जरा जोरात पुसला.

सिनेमा पुरा झाल्यावर सगळे मिळून वणीला गेलो, तो देवीच्या पायावर घालायला. गड चढायच्या आधी शेठ खाली पाणपोईपाशी रेंगाळला. आम्ही पुढे निघालो. ऊन कडक होतं. अर्ध्या पायऱ्या झाल्यावर सगळ्यांच्या जिभा बाहेर आल्या आणि मागून हा आला, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी. आम्हाला वाटलं, देवीने याला बुद्धी दिली. पहिली बाटली योगेशने तोंडाला लावली तोच शेठने हात पुढे केला. कॅमेरावाला मुलगा म्हणाला, "शेठ, ते पाणपोईचं पाणी आहे, फुकटचं."

"पान्याचं कुठं घेतो?" शेठ म्हणाला. "चढनीचं घेतो. पानी फुकटच हाय, खाली जाऊन प्या."

सगळ्यांनी हसत हसत पैसे दिले. अंगाचा तिळपापड झाला तो माझ्या एकटीच्या. मी तहानलेली वर गेले आणि देवीपुढे उभी राहून काय मागितलं ते इथे लिहीत नाही.

आता दुसऱ्या सिनेमाचं सांगते, कारण खरा घाव तिथला आहे.

त्यात नायक लुब्रसकडे यान विकत घ्यायला येतो, असा प्रसंग होता. शेठने सुचवलं की सौदा रुमालाखाली करू. बैलबाजारात जुनी पद्धत आहे. घेणारा आणि देणारा एका मोठ्या रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव करतात. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. शेवटी एकाने दुसऱ्याचा अख्खा पंजा धरला की सौदा पक्का. त्यानंतर कुणी मागे फिरत नाही. फिरला तर त्याला पुढे बाजारात कुणी उभं करत नाही. योगेश फुलबाजारात वाढलेला. तिथे सगळा मामला ओरडून चालतो, त्याने रुमाल कधी पाहिला नव्हता. त्याला ही कल्पना इतकी आवडली की तो नाचायचाच बाकी राहिला.

शॉटच्या आधी शेठने डोक्याचा रुमाल सोडला, हातावर पसरला आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाला, "बोल योग्या, सिनेमा निम्मा माझा?"

सगळे हसले. योगेशही हसला. "रुमालाखाली बोलू की शेठ," म्हणाला.

"शेवटाला पंजा धर बरं का," शेठ म्हणाला. "म्हंजे शॉट संपला."

कॅमेरा सुरू झाला. रुमाल हलत होता, दोघांचे चेहरे स्थिर. मी बाजूला पावडरचा पफ घेऊन उभी होते आणि मलाही तो शॉट बघताना काटा आला होता. योगेशने पंजा धरला. शेठने रुमाल झटकला, त्याची घडी घातली आणि म्हणाला, "झालं. निम्मा." आम्ही टाळ्या वाजवल्या.

सिनेमा पहिल्यापेक्षा जास्त चालला. इंटरनेटवर लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि मग एक दिवस कारभारीशेठ मखमलाबादला नानांच्या ओट्यावर जाऊन बसला. योगेशकडे नाही गेला, नानांकडे गेला. यातच त्याची सगळी हुशारी आली. मी त्या दिवशी गजऱ्यांची फुलं आणायला तिथे गेले होते, म्हणून हे कानांनी ऐकलेलं सांगते आहे.

नानांनी योगेशला हाक मारली. "पंजा धरलास का?"

"धरला नाना, पण ते शूटिंग होतं. नाटक होतं ते."

"शेठनं आधी बोलून दाखवलं होतं का, चार लोकांत?"

"ते गमतीनं म्हणाले होते."

"मी काय इचारतो? बोलले होते का?"

मी मध्ये पडले. म्हटलं, "नाना, अहो कॅमेऱ्यापुढे माणसं मरतातसुद्धा. मग काय त्यांचं तेरावं घालायचं का?" नानांनी माझ्याकडे वळून हात जोडले. म्हणाले, "ताई, आमच्या गोठ्यात आजवर जेवढी जनावरं आली, ती सगळी रुमालाखालून आली. एकाचाबी कागद नाय. पोरानं पंजा धरला, आता मी बाजारात तोंड कसं दाखवू?" मग शेठला म्हणाले, "निम्मा तुमचा."

नानांचा मला राग यायला हवा होता. नाही आला. नानांसारख्या माणसांनी तो रुमाल पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ ठेवला, म्हणून तर त्याला किंमत होती. आणि तीच बघून या चोराने त्या रुमालाला नाक पुसलं. शेठ तेव्हा ओट्यावरच्या टोपलीतला एक गुलाब दोन बोटांत धरून दाबून बघत होता. जाताना तो खिशात घालून गेला.

तिसरा सिनेमा योगेशने नानांसाठी केला, असं मला वाटतं. नानांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली जितकी टिकेल तितकी खरी. कडेचं दिसेनासं झालं होतं, समोरचंही धूसर. योगेशने त्यांना कॅमेऱ्यापुढे उभं करायचं ठरवलं. गुलाबांचे वाफे हाच एक ग्रह, आणि नाना तिथला म्हातारा माळी. माळी लुब्रसच्या दुकानात येतो, असा शेवटचा प्रसंग. माळी काय म्हणणार हे योगेशने शेठला सांगितलं नव्हतं. कागदच दिला नाही.

मी दोघांचीही रंगरंगोटी केली. शेठची नेहमीची, नानांची नुसती पावडर. लुब्रसने पुढे वाकून नेहमीचं वाक्य टाकलं, "तुला जे द्यायचं नाय, ते काय हाय?" नाना थोडा वेळ खरंच विचार करत राहिले. मग दोन्ही तळहात उघडून पुढे धरले. "माझ्याकडं तसं काय नाय बाबा. जे हाय ते देतच आलो." आणि टोपलीतला एक गुलाब काढून लुब्रसच्या गल्ल्यावर ठेवला.

शेठला पुढे बोलायला काही सुचेना. तोंड उघडं राहिलं, नाक लोंबत राहिलं. मी केलेल्या त्या चेहऱ्याच्या आतून पहिल्यांदा काहीतरी खरं बाहेर आलेलं मी पाहिलं, आणि ती नुसती हार होती. योगेशने कॅमेरा कितीतरी वेळ बंदच केला नाही. शेवटी शेठ उठला आणि ओरडला, "हे काढून टाक. हरलेलं तोंड माझ्या दुकानाला परवडनार नाय." नानांना वाटलं आपलंच काही चुकलं. ते बिचारे माफी मागत राहिले.

योगेशने ते काढलं नाही. पण सिनेमा पुरा झाल्यावर शेठ म्हणाला, भागीदारीतला माल एका जागी राहतो, आणि गोदाम माझं आहे. ज्या डिस्कमध्ये सिनेमा होता ती त्याने मागितली. "एक प्रत गुपचूप ठेव," असं मी योगेशला बजावलं होतं, आणि त्याने ठेवलीही होती. नानांनी त्याला विचारलं, "तुझ्याकडं काय राहिलंय का?" योगेशला वडिलांशी खोटं बोलता येत नाही. तीही डिस्क द्वारकेला गेली, नानांच्याच हातून. वडिलांनी ती फुलांच्या टोपलीत ठेवून नेली म्हणे, धक्का लागू नये म्हणून.

मग मुंबईची एक कंपनी सिनेमा घ्यायला तयार झाली. शेठ म्हणाला, "भाव येऊ दे." आणखी एक आली. "भाव येऊ दे." भाव चढेपर्यंत कांदाचाळीत कांदा भरून ठेवावा तसा त्याने तो सिनेमा कपाटात भरून ठेवला. चाळीतला कांदा शेवटी सडतो हे विंचूरच्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती. माणसं यायची बंद झाली. नवीन सिनेमे आले, लोक लुब्रसला विसरत चालले. आणि इकडे नानांना आता ताटातली भाजी कुठली ते चव घेतल्यावर कळू लागलं.

योगेश द्वारकेला गेला. म्हणाला, "शेठ, विकू नका, काही करू नका. फक्त एकदा नानांना दाखवू द्या. तुमच्याच दुकानात, तुमच्यासमोर."

"एकदा दाखवला की माल शिळा," शेठ म्हणाला. योगेश उठेना. मग शेठने पंखा त्याच्याकडे वळवला. "तुझा निम्मा सोड. मग दाखवतो."

योगेशने सोडला. या वेळी कागदावर सही करून सोडला. मला त्याने हे नंतर सांगितलं, तेव्हा मी त्याला वाटेल ते बोलले. तो म्हणाला, "ताई, निम्मा घेऊन काय करू? त्यांना दिसतंय तोवर दिसू दे."

त्या दिवशी दुपारी मीच माझ्या गाडीतून बापलेकांना द्वारकेला नेलं. नानांनी धुतलेली टोपी घातली होती. गाडीत बसल्यावर त्यांनी योगेशला दोनदा विचारलं, मी त्यात नीट बोललोय ना म्हणून. शेठने दुकानात टीव्ही लावून ठेवला होता, स्वतःच्या सीटसमोर. नानांना त्याने ड्रमवर बसवलं. योगेशने ड्रम ओढत ओढत टीव्हीच्या अगदी जवळ नेला. नाना पडद्यापासून हातभर अंतरावर, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखे बसले.

सिनेमा सुरू झाला. मध्येच गिऱ्हाईक यायचं आणि शेठ पडद्यासमोरून जाऊन क्लचप्लेट काढून द्यायचा. लाल रंग आला की नाना म्हणायचे, "हे आपले वाफे का रे?" आणि योगेश म्हणायचा, "आपलेच." सिनेमा सरकत होता आणि मी त्या दुकानातल्या प्रसंगाची वाट बघत होते. लुब्रसचं दुकान आलं. गिऱ्हाइकं आली आणि गेली. लुब्रस गल्ल्यावर बसला, पोटावरून हात फिरवून मोठ्याने हसला आणि सिनेमा संपला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याने कुणाकडून तरी सिनेमा कापून घेतला होता. हरलेलं तोंड काढून टाकलं होतं, आणि त्या तोंडासमोर जो उभा होता तोही त्याबरोबर गेला होता. मी बोलायला तोंड उघडलं, तर योगेशने माझा दंड घट्ट धरला. तो माझ्याकडे बघत नव्हता, वडिलांकडे बघत होता.

नाना अजून पडद्याकडे तोंड करून बसले होते. पडदा काळा झालाय हे त्यांना जरा उशिराच समजलं. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "मी आलो का रे त्यात? मला काय नीट दिसलं नाय."

"आलात की नाना," योगेश म्हणाला. "मगाशीच आलात."

"बरं बोललो का?"

"लय भारी बोललात."

नानांचा चेहरा असा खुलला की मला तो बघवेना. मी शेठकडे बघितलं. त्याने सगळं ऐकलं होतं. टीव्हीमागून डिस्क काढून तो ती शर्टाच्या टोकाने पुसत होता, सावकाश, दोन बोटांत धरून. नाना ड्रमवरून उठले, आवाज जिकडून यायचा तिकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "शेठ, लय उपकार केले तुमी. मरेपर्यंत ध्यानात राहील."

कारभारीशेठने डिस्क आतल्या खिशात घातली. नानांचे आभार तरी त्याला काहीही न बोलता परत करता आले असते. तो म्हणाला, "असू द्या नाना, असू द्या," आणि तेही ठेवून घेतले.